जोसेफिन आंटी सही करत नाहीत

जोसेफिन तुस्कानो या बाईंशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. गाडी कुठे लावायची यावरून हरलो, सामाईक कुंपणावरच्या कढीपत्त्यावरून हरलो आणि दोन हजार वीसच्या जुलैत एका कागदावरून तर असा हरलो, की पुढचे आठ महिने आठवड्यातून तीन सकाळी त्यांच्या घरी पेशंट होऊन जमिनीवर आडवं पडायची पाळी माझ्यावर आली. मी पुण्याचा आहे. हार मान्य करायची सवय नाही, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

डार्विनच्या शेजारी पामर्स्टनला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी सरकारी खात्यात कॉम्प्युटर सांभाळतो. आंटी मूळच्या वसईच्या, तेव्हा वय बासष्ट, मुंबईत शिकलेल्या नर्स. उंची पाच फुटांच्या आतबाहेर, पण आवाज असा की रस्त्यापलीकडचा कुत्रासुद्धा गप्प बसतो. कपडे घरातही इस्त्रीचे. नव्वद टक्के दमट हवेत आम्ही बाकीचे बनियनवर फिरत असताना या बाईंच्या ब्लाउजची कॉलर ताठ असे. आल्फ्रेड अंकल गॅस प्लांटमधून रिटायर झालेले. बोलणार कमी, आणि रविवारी फुगे, म्हणजे वसईकडचे मैद्याचे गोल वडे, तळून शेजाऱ्यांना वाटणार. घरात भांडायला आंटींना कोणी मिळत नसे, त्यामुळे बहुतेक वेळा मी सापडायचो.

तो कागद कसला, हे सांगायचं तर पंचवीस वर्षं मागे जायला हवं. अंकलना पंचाण्णव साली फिलिपिन्समधल्या एका बंदराच्या गावी वीज केंद्रावर नोकरी मिळाली. आंटी रोशेलला, म्हणजे लेकीला, कडेवर घेऊन तिकडे गेल्या आणि सहा महिन्यांत घरी बसून वैतागल्या. त्या गावात मिस लुर्देस नावाच्या एका बिनलग्नाच्या शाळामास्तरणीने तांदळाच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत कॉलेज काढलं होतं. रुग्णसेवेचा एक वर्षाचा कोर्स, मुली अकरा, शिकवायला कोणीही नाही. आंटी सरळ जिना चढून गेल्या आणि म्हणाल्या, मी नर्स आहे, उद्यापासून येते. विचारणं वगैरे भानगड त्यांना माहीतच नाही.

खाट एकच होती, तीही मिस लुर्देसच्या घरून आणलेली. पेशंट नव्हता, म्हणून मिस लुर्देस स्वतः चपला काढून खाटेवर आडव्या झाल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चादरीच्या आधाराने कुशीवर कसं वळवायचं, हा पहिला धडा. तिकडच्या नर्सिंगमध्ये एक रीत आहे, तिला रिटर्न डेमो म्हणतात. शिक्षिकेने एकदा करून दाखवायचं, आणि मग प्रत्येक मुलीने तेच, तसंच्या तसं, परत करून दाखवायचं. एक पायरी चुकली तरी नापास. आंटी पहिल्या दिवशी घाबरलेल्या होत्या, हे त्या आता कबूल करतात. एका मुलीला चादरीच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं आणि तोंडातून निघून गेलं ते मराठीतच: "एक, दोन, उचल." मग अकराही मुलींनी मिस लुर्देसना वळवलं, आणि अकराही जणी म्हणाल्या, "एक, दोन, उचल." आंटींनी सांगून पाहिलं की हे तुमच्या भाषेत म्हणा. मुलींना वाटलं, मॅम आपली परीक्षा बघतायत. त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं.

तिसऱ्या वर्षी खालचं गोदामही कॉलेजला मिळालं. भिंतींना तांदळाचा वास वर्षभर येत राहिला. पुढे नर्सिंगच्या पदवीची परवानगी आली, मागे तीन मजली इमारत उठली, अकराच्या नऊशे मुली झाल्या. दोन हजार आठमध्ये अंकलची बदली डार्विनला झाली, तेव्हा मिस लुर्देसनी आंटींना ट्रस्टी करून टाकलं. ट्रस्टी पाच, आणि कॉलेज बंद करायचं तर पाचही सह्या हव्यात असा नियम. निरोपाची भेट म्हणून ठीक होतं. ती सही कधी लागेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

इथे आल्यावर आंटींची पदवी कोणी धड मानेना. पन्नाशीत परत परीक्षा दिल्या, तोवर एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या चादरी बदलल्या, आणि साठीला नर्स म्हणूनच रिटायर झाल्या. त्याबद्दल त्यांना विचारलं की म्हणायच्या, "मी कोणाची परमिशन मागितली नव्हती, नुसता पेपर लिहिला."

मग कोरोना आला. आमच्याकडे सीमा बंद झाल्या, दोन-चार महिन्यांत कॅफे उघडले आणि लोक मजेत मासेमारीला जाऊ लागले. तिकडे मात्र सगळं ठप्प. कॉलेज बंद, हॉस्पिटलात शिकाऊ मुलींना प्रवेश नाही, मुली गावोगाव पांगलेल्या. जुलैत मिस लुर्देसच्या पुतण्याची ईमेल आली. त्याचं नाव रोमुलो, कारभार तोच बघायचा. घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीला गोदामासाठी इमारत हवी आहे. कॉलेज बंद करण्याच्या ठरावावर कृपया सही करावी. तिघांच्या झाल्या आहेत. आत्या म्हणते, जोसी करेल तर मीही करीन. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला एकतीस मुली होत्या. त्यांना दुसऱ्या कॉलेजात जाता येईल, असं एक वाक्य शेवटी होतं. दुसरं कॉलेज दुसऱ्या बेटावर होतं आणि बोटी बंद होत्या.

मी ती ईमेल वाचून दाखवली आणि शहाणपणाही केला. म्हटलं, "आंटी, करून टाका सही. तुम्ही इथे बसून काय करणार?" ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सहून रोशेलने फोनवर तेच सांगितलं: "मम, जस्ट साइन इट. इट्स नॉट युअर प्रॉब्लेम."

आंटींनी चष्मा काढून पुसला. "शिरीष, उत्तर लिही. डिअर रोमुलो, नो. जोसेफिन."

"निदान रिगार्ड्स तरी लिहू?"

"नको. रिगार्ड्स वाटत नाहीत मला."

पंधरवडाभर ईमेलींची चकमक झाली. रोमुलोचं म्हणणं, हाताने करायची कामं स्क्रीनवर शिकवता येत नाहीत. आंटींचं म्हणणं, तू कधी शिकवलंयस का? शेवटी सौदा ठरला. थिअरी तिकडच्या शिक्षिकांनी घ्यायची, प्रॅक्टिकल डार्विनहून आंटींनी. फेब्रुवारीअखेर पाचही ट्रस्टी ऑनलाइन बसून एकेका मुलीचा रिटर्न डेमो बघतील. मुलींना जमलं तर कॉलेज चालू राहील आणि हॉस्पिटलं उघडली की उरलेले तास भरून घेतले जातील. नाही जमलं, तर आंटी सही करतील. हे त्यांनी मला विचारून कबूल केलं असतं तर मी थांबवलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

आमच्या घड्याळात साडेसात, तिकडे सहा. आंटींच्या दिवाणखान्यात सतरंजी, तिच्यावर मी, ऑफिसला जायच्या आधी. अंकल मदतनीस. पहिल्या सकाळी स्क्रीनवर एकतीस चौकोन आले. कोणी बाथरूममध्ये बसलेली, कोणी कोंबड्यांच्या आवाजात. सिग्नलसाठी पाण्याच्या टाकीजवळ गच्चीवर चढलेली एक जेनलिन नावाची मुलगी होती. तिने पेशंट म्हणून वडिलांना आणलं होतं, चांगला आडदांड कोळी, चादरीवर निमूट पडलेला.

आंटींनी माझ्याखाली चादर घातली, कडा गुंडाळून घट्ट धरल्या आणि मुद्दाम स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "वन, टू, थ्री." मी कुशीवर वळलो. चौकोनांत कुजबुज सुरू झाली. शेवटी जेनलिनने हात वर केला आणि चाचरत म्हणाली, "मॅम जोसी, सॉरी, तुम्ही मोजणी विसरलात."

"कसली मोजणी?"

जेनलिनने आईला दुसऱ्या बाजूला उभं केलं, चादर धरली आणि गच्चीवरच्या वाऱ्यात ओरडली, "एक, दोन, उचल." कोळी वळला. आंटी बारा वर्षांपूर्वी ते कॉलेज सोडून आल्या होत्या. यांतल्या एकाही मुलीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या शिक्षिकांनी ते तसंच शिकवलं होतं आणि त्या शिक्षिकांना पहिल्या अकरा जणींनी. ही लॅटिन प्रार्थना आहे, अशी मुलींची समजूत होती. आंटी उठून किचनमध्ये गेल्या. नळ वाहत राहिला, मी सतरंजीवर एका कुशीवर पडून राहिलो, आणि अंकल मला हळूच म्हणाले, "लग्नानंतर तिसऱ्यांदा रडतेय."

त्यानंतर मी वाद घालणं सोडून दिलं. फुग्यात पाणी भरून इंजेक्शनं, बाहुलीला नळी, उशीला ड्रेसिंग. लाइन गेली की आंटी वाट बघत बसायच्या, दिवस वाया गेला असं एकदाही म्हणाल्या नाहीत. वादळाने तिकडे चार दिवस वीज गेली, तेव्हा पाचव्या दिवशी दुप्पट वर्ग घेतला. मुलींच्या नाकी नऊ आले आणि माझी पाठ धरली.

जानेवारीत रोमुलोची ईमेल आली. मिस लुर्देसना कोरोना झाला होता, हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होत्या, वय एक्याऐंशी. पुढे लिहिलं होतं, आत्याच्या डोक्यावरचं हे ओझं निदान आता उतरवा, सही करा. ते वाचून मला वाटलं, आता या मोडतील. आंटी संध्याकाळभर अंगणातल्या खुर्चीत बसून होत्या. मी चहा घेऊन गेलो तेव्हा म्हणाल्या, "मी तिला छळतेय का रे? तिला शांतपणे जायचं असेल आणि मी हट्टाने धरून ठेवलं असेल तर?" पहिल्यांदाच त्या मला काही तरी विचारत होत्या आणि मी मूग गिळून बसलो, याची मला अजून लाज वाटते.

सकाळी साडेसातला वर्ग झाला. सही झाली नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वर्ग संपतासंपता आंटींचा फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका बारीक होता की त्यांनी स्पीकर लावला. मिस लुर्देस होत्या, घरी आलेल्या. दोन-दोन शब्दांवर थांबत त्यांनी सांगितलं ते असं: वॉर्डात कोणाचा चेहरा दिसत नव्हता. सगळे पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकमध्ये. श्वास घेता यावा म्हणून दर काही तासांनी पालथं करायचे, मग परत उताणं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, आपण आता यातून उठत नाही. मग तिघींनी चादरीच्या कडा धरल्या आणि एक जण प्लास्टिकच्या आतून म्हणाली, एक, दोन, उचल.

"तीच खाट आठवली मला, गोदामावरची," मिस लुर्देस म्हणाल्या. "चेहरे नव्हते दिसत, जोसी. पण मला कळलं, मी आपल्या मुलींच्या हातात आहे. मग मी घाबरले नाही." आणि पुढे म्हणाल्या, "तू सही केलीस तरी आता मी करणार नाही. परीक्षाबिरीक्षा राहू दे."

"परीक्षा होणार," आंटी म्हणाल्या. "ठरलंय ते."

आणि झाली. दोन सकाळी, एकतीस मुली, पाच ट्रस्टी. मिस लुर्देस उशांना टेकून. जेनलिनच्या वेळी चित्र गोठलं, नुसता आवाज येत राहिला, तर आंटींनी तिला लाइन आल्यावर पहिल्यापासून करायला लावलं. एकोणतीस पास झाल्या. दोघींना आंटींनीच नापास केलं, एकीने चादरीची कड सैल धरली म्हणून आणि दुसरीने पेशंटशी न बोलताच त्याला वळवलं म्हणून. रोमुलोला आपल्या कानांवर विश्वास बसेना. तो म्हणाला, "मॅम, तुम्ही तुमच्याच बाजूने आहात ना?" आंटींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या दोघींना म्हणाल्या, "मंडे, सिक्स ओ'क्लॉक. परत."

सोमवारी त्याही पास झाल्या.

मार्चमध्ये रोमुलोने नवं प्रॅक्टिकलचं पुस्तक मंजुरीला पाठवलं. गडी आता भलताच नम्र झाला होता. मी त्याची प्रिंट काढून आंटींकडे नेली. त्या चष्मा लावून एकेक पान वाचत गेल्या. चौदाव्या पानावर, पेशंटला वळवायच्या पायरीवर, कोणीतरी सुधारणा केली होती: वन, टू, थ्री. आंटींनी त्यावर लाल पेनाने काट मारली, वर मोठ्या रोमन अक्षरांत "एक, दोन, उचल" लिहिलं आणि समासात लिहिलं, नो चेंज.

मग त्यांनी शेवटचं पान काढलं आणि खाली सही केली.