कापलेली अकरा मिनिटं

"पिच्चर बरा का वाईट ते पब्लिकला विचारायचं, माझं काम उजेड सोडायचं," असं मीरासाब एकदा आपल्या बायकोला म्हणाले होते. त्यावर सुगरा म्हणाली होती, "मग कंदिलात आन् तुमच्यात फरक काय ओ?"

एकतीस वर्षं त्यांनी हा उजेड सोडला. ज्या थिएटरात ते ऑपरेटर होते, त्या जागी आता मोटारींचं शोरूम आहे. प्रोजेक्टरच्या खोलीत यंत्राचा खडखडाट एवढा, की आत उभ्या माणसाला पडद्यावरचं बोलणं ऐकू यायचं नाही. वीतभर भोकातून ओठ हलताना दिसायचे, बंदुका धूर सोडताना दिसायच्या. हजारो सिनेमे त्यांनी असे मुके पाहिले. घरी आल्यावर गोष्ट सांगा म्हटलं, तर त्यांना सांगता यायची नाही. हाताला रीळ मात्र अंधारातही ओळखू यायचं. रीळ कधी तुटलं नाही, पडदा कधी पांढरा पडला नाही, हे त्यांचं नाव. गावात अजून काही म्हातारी माणसं रस्त्यात थांबवून तेवढं म्हणतात, आणि पंच्याहत्तरीच्या माणसाला तेवढं पुष्कळ असतं.

शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये दर रविवारी सकाळी फिल्म क्लबचा खेळ होतो. कॉलेजात शिकवणारी राजनंदिनी तो चालवते. जुन्या ऑपरेटरचा सत्कार करायचा म्हणून तिनं मीरासाबांना बोलावलं, आणि त्यांच्याच थिएटरात त्र्याऐंशी साली दोन आठवडे चाललेला एक अमेरिकन घोडेस्वारांचा सिनेमा शोधून काढला. तिच्या विद्यार्थ्यांनी खाली मराठी ओळीही घातल्या. हीरो तिकडचा शेरीफ, म्हणजे गावचा फौजदार, आणि एका पायानं अधू होता, म्हणून तेव्हा सगळं गाव त्याला 'लंगड्या शेरीफचा पिच्चर' म्हणायचं.

सत्काराची शाल अंगावर घेऊन मीरासाब पहिल्या रांगेत बसले. शेजारी गणपतराव येऊन बसले. एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर झालेला हा त्यांचा जुना दोस्त. गणपतरावांच्या मागं त्यांची सून निशिगंधा होती, पाण्याची बाटली आणि डायरी घेऊन.

"नऊ येळा बघितलाय ह्यो," गणपतराव तिला मान मागं वळवून म्हणाले. "सगळा पाठ हाय. डोळं झाकून सांगतो."

निशिगंधा हसली, पण मीरासाबांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "चाचा, बुधवारी डॉक्टरकडं न्यायचंय मामांना. विसरायला लागलेत, म्हणून सगळं ह्या डायरीत लिहून ठेवते. परवा गॅस तसाच ठेवला. हे म्हणतात, आता गाडीची किल्ली काढून घ्यायची, एकटं कुठं सोडायचं नाही."

दिवे मालवले.

सिनेमा चालू झाला तसे मीरासाब पहिल्यांदाच त्यातली माणसं बोलताना ऐकू लागले. दोनेक तासांनी शेरीफ शेवटच्या लढाईला निघतो. निघण्याआधी तो स्वयंपाकघरात बसतो आणि त्याची बायको पाव कापत त्याच्याशी बोलते. ती दिसली आणि मीरासाब खुर्चीत पुढं सरकले. ह्या बाईला ते ओळखत होते. हिला त्यांनी कात्रीनं कापून एका बिस्किटाच्या डब्यात दोन आठवडे गुंडाळून ठेवलं होतं.

तेव्हा बारा वाजताचा मॅटिनी असायचा. तीनच्या खेळाआधी हॉल झाडून व्हायला हवा, आणि हा सिनेमा लांब. शिवाय इंग्रजी बोलणं कुणाला कळायचं नाही; बोलणं लांबलं की खुर्च्या आपटायच्या. मॅनेजर म्हणाला, बघ काय ते. मीरासाबांनी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराची अकरा मिनिटं काढली, दोन टोकं सफाईनं जोडली, आणि सिनेमाची रिळं परत पाठवताना ती पुन्हा जिथल्या तिथं चिकटवली. कुणाला पत्ता लागला नाही. सिनेमा बंदुकीच्या गोळीसारखा पळायला लागला आणि आठवड्याचे दोन आठवडे झाले.

आता त्या बाईच्या खाली मराठी ओळ उमटली. 'तू मरशील याची भीती नाही मला. तू परत येशील आणि पुन्हा असाच जाशील, त्याची आहे.'

मीरासाबांनी ती ओळ वाचली. मग ती गेली.

शेवटी शेरीफ जिंकून घरी येतो, घोड्यावरून उतरतो, दार ठोठावतो. दार उघडत नाही. आत, खिडकीपाशी, ती उभी असते. एक सेकंदभर तिचा झगा हलल्यासारखी सावली दिसते, एवढंच. मग 'समाप्त'.

दिवे लागल्यावर राजनंदिनीनं चिठ्ठ्या गोळा केल्या. क्लबाचा रिवाजच तो. नाव न घालता मत लिहायचं आणि ते मोठ्यानं वाचायचं.

"'घोडे उत्तम. माणसं ठीक.'" हॉल हसला. "'मधे झोप लागली. उठलो तर बाई अजून पाव कापत होती.' 'धड मारामारीचा नाही, धड संसाराचा नाही. दहापैकी पाच.' 'एवढी धूळ, पण कुणाला खोकला नाही.' 'बायकोचं काम चांगलं. तिच्यावरच पिक्चर काढायला पाहिजे होता.'"

मग तिनं पुढची चिठ्ठी उघडली आणि थबकली. "'हा तो पिच्चर नव्हे. हीरोची बायको आधीच मेलेली असते.'"

"ती माझी," गणपतराव उठून उभे राहिले. "बाई, फसवलंय तुम्हाला कुणीतरी. त्यात बायको न्हाईच. मेलेली हाय, म्हणून तर ह्यो एवढा बेफाम लढतोय. शेवटी दार वाजवतोय, आन् दार उघडंना. उघडंल कोण? घरात कोण हायच न्हाई की!"

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, आत्ताच पावणेतीन तास बघितला की आपण!"

"पावणं, मी नऊ येळा बघितलाय! तुम्ही जन्मला नव्हता तवा!"

हशा पिकला. वाईट हेतूचा नव्हता, पण हशाच. निशिगंधानं डायरी उघडली आणि काहीतरी लिहू लागली. गणपतरावांनी ते पाहिलं. "न्हवतं रं तसं," ते मीरासाबांकडं बघून म्हणाले, आणि आता त्या आवाजात खात्री उरली नव्हती. "व्हय का न्हाय? तू हुतास की वर. का माझंच कायतर..."

मीरासाबांना तो उन्हाळा आठवला. गणपतरावांची बायको बायडा बाळंतपणात गेली होती. दोन महिन्यांचं पोर बहिणीकडं सोडून हा माणूस ड्युटी चुकवून मॅटिनीला यायचा, पुढच्या बाकावर बसायचा. दार ठोठावल्यावर तो रडायचा. मीरासाबांनी वरच्या भोकातून ते बघितलं होतं, आणि तिसऱ्या दिवसापासून दारावरच्या माणसाला सांगून त्याला फुकट आत सोडलं होतं. आपण काय दाखवतोय ते तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गप्प बसलं तर आपलं नाव राहत होतं, पण गणपतराव वेडे ठरत होते. ते उभे राहिले.

"त्याला काय झालं न्हाई," ते म्हणाले. "त्याचं खरं हाय. त्यानं बघितला त्या पिच्चरमधी बाई न्हवतीच. मी कापलीती. अकरा मिनिटं. खेळ लांबतोय म्हणून. शेवटची खिडकी तेवढी राहिली, पण अंधारात कुणाच्या ध्यानात येणार ती?"

एकदम गलका झाला. कुणी टाळ्या वाजवल्या. "चाचा, मग तुमचाच पिच्चर भारी हुता म्हणायचा!" राजनंदिनी हसत म्हणाली, "मग हात वर करा बघू. कापलेला बरा का अख्खा?" हात वर गेले, खाली आले, वाद सुरू झाला. निशिगंधानं डायरी मिटली. लाजून पुढं वाकून म्हणाली, "मामा, चुकलं माझं. तुम्हाला सगळं नीट आठवतंय." बुधवारचं मात्र ती काही बोलली नाही.

गणपतरावांचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. ते खाली बसले होते. मोकळ्या पांढऱ्या पडद्याकडं बघत ते हळू म्हणाले, "म्हंजे ती घरातच हुती."

मीरासाब त्यांच्याकडं वाकले.

"घरात असून दार उघडलं न्हाई," गणपतराव म्हणाले. मग त्यांच्याकडं वळून, रागानं नाही, एखाद्या पोरानं विचारावं तसं, "मग मी रडत हुतो ते कशाला रं?"

हॉलमध्ये अजून हात वर-खाली होत होते. मीरासाबांनी सत्काराची शाल काढून घडी घातली, खुर्चीवर ठेवली. दोन रांगांमधून वाट काढत ते दारापर्यंत गेले, चपला पायात सरकवल्या, आणि बाहेर उन्हात उतरले.