थंडीत जन्मलेली वासंती

सासरी मला जे नाव मिळालं ते मी इथे सांगणार नाही. चाळीस वर्षं त्या नावाला ओ देतेय, तेवढं पुष्कळ झालं.

लग्न ब्याऐंशी सालचं. वरात पहूरहून निघाली आणि दिवेलागणीला धुळ्यात, देवपूरला पोचली. उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, लक्ष्मीपूजनाला बसले. समोर तांदळानं भरलेलं ताट. नवऱ्यानं सोन्याची अंगठी घेतली आणि तांदळात माझं नवं नाव लिहिलं. मला कोणी आधी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. धुळ्याची म्हणून गाडीत बसावं आणि उतरताना पाटी चोपड्याची दिसावी, तशी मी त्या ताटाकडे बघत राहिले. लगेच पेढे वाटले. सगळ्यांनी ते नाव दोन-दोनदा म्हणून बघितलं, छान आहे म्हणाले, आणि तांदूळ उचलून आत नेले. दुसऱ्या दिवशी त्याचा भात झाला असणार.

त्याआधी एकवीस वर्षं मी वासंती होते. माझ्या जन्माच्या वेळी आमच्या बांधावरचा पळस फुलला होता, म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते नाव ठेवलं. आई मी शाळेत असतानाच गेली. म्हणजे लग्नानंतर मला वासंती म्हणणारं माणूस जगात एकच उरलं. नानांचं आंतरदेशीय पत्र यायचं. बाहेर पत्त्यावर नवं नाव, नाही तर पोस्टमन घोटाळ्यात पडेल. आत उघडलं की पहिली ओळ, ‘चि. वासंतीस अनेक आशीर्वाद.’ पुढचा मजकूर पिकापाण्याचा असायचा. मी ती पहिली ओळच चार-चारदा वाचायची. हसू नका, खरंच वाचायची.

आता सासऱ्यांबद्दल. त्यांना सगळे आबा म्हणत. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, आणि ऋतूंचं वेड असलेले. मूल ज्या ऋतूत जन्मेल त्या ऋतूचं नाव त्याला द्यायचं, हा त्यांचा नियम. माझा नवरा शरदात जन्मला, त्याचं नाव तसं. मोठी नणंद, ज्यांना मी अक्का म्हणायची, त्या भर पावसाळ्यातल्या, त्यांचं नाव पावसाचं. त्यांच्या या नावांचं गल्लीत फार कौतुक होतं, आणि आबांना त्या कौतुकाची सवय झाली होती.

लग्नानंतर अडीच वर्षांनी मला मुलगी झाली. माहेरी बाळंतपण करायला आई नव्हती, म्हणून देवपूरलाच. मार्गशीर्षातली थंडी, पांझरा नदीवरून येणारा वारा, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. आबा दारातूनच म्हणाले, “हेमंतात आली. हेमा नाव ठेवायचं.”

मी म्हटलं, “नाही. वासंती.”

हे मी नऊ महिने मनात घोकलं होतं. वाटलं होतं, आता घरात भडका उडणार. आबा म्हणतील, हे तर तुझंच जुनं नाव, ही काय थेरं! मी एकेका वाक्याला उत्तर तयार ठेवलं होतं. आणि आबा काय म्हणाले?

“अगं, वसंताला अजून तीन महिने आहेत. थंडीत जन्मलेली वासंती कशी होईल?”

सासूबाई शेक देता देता म्हणाल्या, “हेमा बरं शे. सोपं शे.” नवरा म्हणाला, “वासंती जरा जुनाट वाटतं गं.”

बस्स. एवढंच. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. ज्या माणसानं ते नाव काढून दुसरं लिहिलं, तोच मला ते जुनाट वाटतं म्हणून सांगत होता. लग्नपत्रिकेवर ठसठशीत छापलं होतं हो! या तिघांपैकी एकालाही आठवत नव्हतं. विरोध झाला असता तर मी भांडले असते. पण हे विसरूनच गेले होते! तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं, ते मला त्या खाटेवर कळलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि ढसाढसा रडले. सासूबाईंना वाटलं, ओल्या बाळंतिणीचं मन हळवं असतं.

सांगून टाकायचं होतं मला. पण मग हट्टच धरला. यांचं यांना आठवू दे. रोज आबा हेमा म्हणायचे, रोज मी वासंती म्हणायची. आबा मला ऋतू समजावायचे. महिने बोटांवर मोजून दाखवायचे. मी बांधावर वाढलेली शेतकऱ्याची पोर, आणि मला ऋतू शिकवत होते!

बारशाच्या दिवशी अक्का त्यांच्या सासरहून, भडगावहून आल्या. पाळण्यात नाव घ्यायचा मान आत्याचा, आणि त्यांना आबांनी आल्या आल्या बजावलं, “हेमा म्हणायचं. हिचं काही ऐकू नको.” गल्लीतल्या बायका जमल्या. मागच्या अंगणात वांगी भाजायला घातली होती, भरीत-पुरीचा बेत होता. आणि तेवढ्यात दारात नाना. डोक्याला मफलर, काखेत बाळंतविड्याची पिशवी. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. तिथूनच हाक मारली, “वासंती, बाळा, कशी आहेस?”

बायकांनी दाराकडे माना वळवल्या. मग आबांचा आवाज चढला. “वा! म्हणजे व्याह्यांनाही आधीच कळवून ठेवलंस? आम्ही इथे पाळण्यापाशी उभे, आणि नाव पहूरला ठरून मोकळे!”

नाना गोंधळले. पिशवी खाली ठेवली. म्हणाले, “आबा, मी तर माझ्या मुलीला हाक मारली. वासंती म्हणजे ही आमची. तुम्ही कोणाचं म्हणताय?”

आता सांगते, त्या वेळी आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मला काही आनंद झाला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाळण्याकडे, मग परत माझ्याकडे. नवरा खाली मान घालून सतरंजीचे धागे ओढत होता. सासूबाई मात्र सावरल्या. “असं कसं व माय? जित्या मानूसनं नाव कोनी पोरले देस का?”

“जितं कुठे आहे?” मी म्हटलं. बाळंतीण असून उभी राहिले मी. “या घरात वासंती कुठे जिवंत आहे ते दाखवा मला. याच खोलीत तुम्ही तिला तांदळात पुरलंत, वर पेढे खाल्लेत. बारा दिवस तिचं नाव घेतेय, तर एकाला आठवलं नाही. आता ते रोज घ्यावं लागेल तुम्हाला. जेवायला बोलावताना घ्यावं लागेल, रागावताना घ्यावं लागेल. म्हणून ठेवतेय.”

नाना म्हणाले, “पोरी, जाऊ दे.” मी म्हटलं, “नाना, तुम्ही मध्ये बोलू नका.” वडिलांना असं बोलले ते मला अजून टोचतं. बाकी त्या दिवशी बोललेल्या एका शब्दाचंही मला वाईट वाटत नाही.

आबा अक्कांकडे वळले. “तू घे गं नाव. हेमा. उरकून टाक.”

माझी आणि अक्कांची तोवर काही फार गट्टी नव्हती. त्या आल्या की माझ्या स्वयंपाकात हमखास चूक काढायच्या. मी मनात म्हटलं, झालं, संपलं. अक्का पाळण्यापाशी गेल्या, पण वाकल्या नाहीत.

“आबा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही माझं पावसाचं नाव ठेवलंत. भडगावला कोणाला माहीत आहे ते? तिथे मला काय म्हणतात, तुम्ही कधी विचारलंत?” मग भावाकडे बोट केलं. “याचा शरद कोणी बदलला का? पोराचा ऋतू जन्मभर तोच. आमचा तेवढा बदलतो.”

आणि त्या वाकल्या. बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीवर धपाधप थापट्या मारल्या, सगळ्या मिळून कुर्रर्र म्हणाल्या. अक्कांनी बाळाच्या कानात काय ते सांगितलं, आणि मग ताठ उभं राहून गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, “वासंती!”

आबा भरीत न खाता उठून गेले. मी पोटभर जेवले.

त्यानं सगळं मिटलं असं समजू नका. आबा दोन वर्षं हेमा, हेमा करत राहिले. पोर ढिम्म बघायची नाही. शेवटी त्यांनीच ते सोडलं आणि नुसतं ‘पोरी’ म्हणू लागले. आणि मी? मला सगळे तांदळातल्या नावानंच बोलवत होते, त्यात काडीचा फरक पडला नव्हता.

मुलगी तीन वर्षांची असताना एकदा उन्हाळ्यात हौदापाशी पाण्यात खेळत होती. सासूबाईंनी ओसरीतून हाक मारली, “वासंते!”

मी चुलीपाशी होते. “ओ!” म्हटलं आणि पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. मुद्दाम नव्हतं केलं. तोंडातून गेलंच ते. त्या हाकेला मी माहेरी एकवीस वर्षं ओ दिली होती.

सासूबाई म्हणाल्या, “तुले नही व. पोरले हाक मारी मी.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “पण वासंती म्हटलं की मी येणार.”

आणि मग खरंच मुद्दाम सुरू केलं. त्यांनी हाक मारली की मी हजर. सकाळी, दुपारी, पाहुण्यांसमोरसुद्धा. सासूबाई वैतागायच्या, कपाळावर हात मारायच्या. नवरा म्हणाला, “पोरकटपणा पुरे आता.” मी म्हटलं, “मग तू मला माझ्या नावानं बोलव, लगेच सोडते.” त्यानं चपला घातल्या आणि बाहेर गेला. आठ दिवस हे चाललं.

नवव्या दिवशी सकाळी पोर अंगणात पळाली होती. आबा ओसरीवर पेपर वाचत होते. सासूबाई दारात आल्या, तोंड उघडलं, आतल्या बाजूला माझ्याकडे एकदा बघितलं आणि थांबल्या. मग जोरात हाक मारली.

“धाकली वासंते! घरमा ये!”

आबांनी पेपर खाली घेतला. माझा हात परातीत तसाच राहिला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी बाहीनं पुसलं. पण या वेळी मी ओ दिली नाही, उठलेही नाही. हाक धाकलीला होती. थोरली वासंती चुलीपाशी भाकरी थापत होती.