अगोदर मास्तर

आमच्या भूगोलाच्या मास्तरांना कोणाला ‘कसा आहेस’ असं विचारताच येत नसे. ते विचारत, “कुठून?” समोरचा म्हणे, घाटंजी. मग चष्मा कपाळावर सरकवून ते दुसरा प्रश्न टाकत, “त्याच्या अगोदर?” भाजीवाली असो, न्हावी असो, यष्टीचा ड्रायव्हर असो, सुटका कोणाचीच नव्हती. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी असंच धरलं. साहेबांनी बिचाऱ्यांनी गाव सांगितलं, त्या अगोदरचं गाव सांगितलं, शेवटी आजोळ सांगितलं आणि घाम पुसत हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन बसले. तेव्हापासून गावात सरांचं खरं नाव कोणी घेईना. मुलं, पालक, खुद्द हेडमास्तर, सगळे त्यांना पाठीमागे अगोदर मास्तर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा दाट संशय आहे.

मी आठवीत होतो त्या वर्षी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. वर्गातल्या भिंतीवर नकाशा मात्र जुनाच लटकत होता. सर त्याच्यापुढे उभे राहून म्हणाले, “पाहा बे, आपण बसल्या जागी दुसऱ्या राज्यात गेलो. हे स्थलांतर झालं का?” आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, “हो!” “काहून? कोणाचे पाय दुखले?” कोणाचेच दुखले नव्हते. “मग नाही झालं. पाय दुखल्याशिवाय स्थलांतर नसते.” ही व्याख्या मला इतकी आवडली की सहामाहीच्या पेपरात मी तीच लिहिली. सरांनी तिला शून्य दिलं. मी तक्रार घेऊन गेलो तर म्हणाले, “बरोबर आहे तुझं. पण परीक्षा पुस्तकाची आहे, माझी नाही.”

पुस्तकातला स्थलांतराचा धडा अडीच पानांचा होता. सरांनी त्याला दीड महिना लावला. आधी त्यांनी आम्हाला घरी पिटाळलं: घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारून या, आपले लोक कुठून आले. मग शाळेच्या पटांगणात राखेने मोठा नकाशा काढला. निळीच्या पाण्याने वर्धा आणि पैनगंगा ओढल्या, मधोमध घाटंजीचा दगड ठेवला. ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन उभं राहायचं आणि तिथून चालत दगडापाशी यायचं, असा खेळ. पाटलाचा मुलगा छाती काढून म्हणाला, “आमी इथलेच.” पण त्याच्या आजीनेच घात केला होता. कुठल्याशा दुष्काळात त्यांची माणसं अमरावतीकडून पोटासाठी इकडे आली, असं तिने सांगून टाकलं होतं. तो तोंड पाडून अमरावतीला गेला. एकजण उठून म्हणाला, “सर, माही माय राळेगावची, आजी दारव्ह्याची, पणजी वाशीमची. कुठं उभा राहू?” सर खूश झाले. लग्न होऊन आलेल्या बायका मोजल्या तर निम्मं गाव बाहेरचं निघालं, आणि हे त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. फक्त एक मुलगा दगडापाशी उभाच राहिला. तो कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, भीमा. त्याच्या आजोबांनी सांगितलं होतं, आम्ही कुठूनच आलो नाही. सरांनी त्याच्यापुढे चक्क हात जोडले.

माझी पंचाईत वेगळीच होती. मी तांड्यावरचा, बंजाऱ्याचा. आमच्या बोलीत आजोबांना दादा म्हणतात. दादांनी मला मारवाड सांगितलं होतं आणि सरांचा नकाशा बऱ्हाणपूरलाच संपत होता. मी हिशेबाने वर वर सरकत गेलो, कुंपण ओलांडलं आणि थेट मुतारीच्या मागे जाऊन उभा राहिलो. पोरं हसून लोळायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर राखेची बादली घेऊन माझ्यापर्यंत चालत आले आणि म्हणाले, “नकाशा पुरला नाही, त्यात पोट्ट्याचा काय दोष?” त्यांनी माझ्या पायापासून दगडापर्यंत रेघ ओढली. पटांगणातली सगळ्यात लांब रेघ माझी होती.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दादांनाच शाळेत आणलं. दादांनी तरुणपणी लदेणीबरोबर, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या आमच्या तांड्यांबरोबर, वाटा तुडवल्या होत्या. दादा नकाशाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “मास्तर, याच्यात पानी कुठं हाय? ह्या नकाशानं बैल मरतीन.” मग खाली बसून त्यांनी गोटे मांडायला सुरुवात केली. ही विहीर, हा झरा, हे तळं उन्हाळ्यात आटते. सर पुढे बसून वहीत उतरवून घेत होते, आम्ही फक्त पाहत होतो.

त्याच धड्यातला दुसरा खेळ दोराचा. एका मुलाचे डोळे बांधायचे, कमरेला दोर बांधून दोघांनी पुढून ओढायचं, नाहीतर दोघांनी मागून ढकलायचं. माणूस गाव सोडतो तो ओढीने किंवा रेट्याने, सर सांगत. “दुरून चालणारा दिसला की लगेच कौतुक करू नका. मागे कोण रेटून राह्यलं ते पाहा.”

नववीचं वर्ष संपलं आणि तो रेटा आमच्याच घराला लागला. दोन वर्षं कापसाची पऱ्हाटी हाती लागली नव्हती. वणीकडच्या कोळशाच्या खाणीत काम मिळतं असं कळल्यावर तांड्यातली चार घरं निघाली, त्यात आमचं एक. मी सोळाचा झालो होतो. मॅट्रिकला दोन वर्षं होती आणि मला मॅट्रिक व्हायचं होतं. हे बापाला सांगायची माझी छाती नव्हती, म्हणून मी सरांना सांगितलं. ते भर उन्हात सायकल हाणत तांड्यावर आले.

बाने त्यांना खाट टाकून दिली, पाणी दिलं, पोराला मॅट्रिक होऊ द्या हे त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मग सुनावलं, “मास्तर, तुमीच पोराईले शिकवता ना, माणूस चालतच आला म्हनून? मंग आमी चाललो तं तुमाले काहून खटकते?”

सरांनी विचारलं, “ओढ आहे का रेटा?”

“रेटाच हाय. तुमी थांबवता का त्याले?”

सर चष्मा पुसत राहिले. माझी शाळा तिथेच संपली असं मी धरून चाललो.

कोपऱ्यात चिलीम ओढत बसलेले दादा तेव्हा बोलले. “लदेणीत बैल लंगडा झाला तं आमी त्याले मारत नव्हतो, अन् हाकतबी नव्हतो. वाटेवर भरोशाचा मानूस पाहून त्याच्या दावनीले बांधाचा. वापस येताना घेऊन जायाचा. हे पोट्टं खानीत लंगडंच हाय, त्याचं ध्यान सारं इथं. बांध मास्तरच्या दावनीले.” मग ते सरांकडे वळले. “पन एक रीत हाय, मास्तर. ज्याच्यापाशी बैल ठेवला, त्यानं जागा सोडाची नाही. आमी वापस आलो तं कुठं शोधाचं?”

“नाही सोडणार,” सर म्हणाले.

मला लंगडा म्हटल्याचा राग आला होता, तरी मी आत जाऊन घटाघटा पाणी प्यायलो आणि हसलो.

कापसाच्या जिनाजवळच्या सरांच्या एका खोलीत मी दोन वर्षं राहिलो. सर एकटेच होते. भाकरी अशी करत की ती ताटात वाजे, म्हणून आठव्या दिवशी मीच पीठ हातात घेतलं. दर रविवारी घरी पत्र लिहायचं हा त्यांचा नियम होता, आणि नुसती खुशाली लिहिलेली त्यांना चालत नसे. आठवड्यात पाहिलेली एक तरी गोष्ट त्यात हवी. दुसऱ्या वर्षी दादा गेले. मी वणीला जाऊन आठ दिवसांनी परत आलो, तेव्हा शाळेची वेळ असून सर दारात उभे होते. मी येईन की नाही याची त्यांना खात्री नव्हती. तसं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “पीठ संपलं आहे.”

मॅट्रिक पास झाल्यावर मी शाळेत दाखला आणायला गेलो. हेडमास्तर सही करता करता म्हणाले, “चला, अगोदर मास्तर सुटला आता. दोन वर्षांमागे त्याचं मुंबईच्या ट्रेनिंगचं ठरलं होतं, पूर्ण वर्षाचं. कितीक दिवस मागे लागला होता त्याच्या. पत्र आलं आणि यानं ‘येत नाही’ म्हणून कळवून दिलं. मी म्हटलं, काहून रे बाबा? तर म्हणे, दारात बैल बांधला आहे. मले वाटलं, यानं खरंच बैल घेतला.”

मी हसलो नाही. दाखल्याची घडी करून तसाच घरी आलो. सर माझी ट्रंक बांधत होते. ठेवायला दिलेलं माणूस परत द्यायला ठेवून घेणाऱ्याने स्वतः जायचं असतं, असं त्यांनीच ठरवलं होतं. यष्टीत वणीपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते आणि मी त्यांच्याकडे.

बा खाणीवरून तसाच काळाकुट्ट आला होता. सरांनी माझं मनगट धरून त्याच्या हातात दिलं. बाने मला खालीवर पाहिलं, दाखला उलटा धरून बराच वेळ वाचल्यासारखं केलं आणि सरांच्या पाया पडला. याडीने, माझ्या आईने, रांधलेलं सर पोटभर जेवले. आम्ही त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो तेव्हा बा म्हणाला, “मास्तर, तुमी मोकळे झाले आता.”

“झालो,” सर म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

मला एकदम आठवण झाली. खिडकीशी धावत जाऊन मी खिशातून खोलीची किल्ली काढली. सरांनी ती पाहिली, पण घ्यायला हात पुढे केला नाही.

“असू दे तुझ्यापाशी. मी दुसरी करून घेतो.”

गाडी सुटली. मी भर स्टँडवर लहान पोरासारखा रडलो. बा माझं मनगट धरून घराकडे चालायला लागला.