दुरडीतलं रान

पाचव्या माळेच्या सकाळी आम्ही गाव सोडलं. सत्तेचाळीसचं नवरात्र होतं. पलीकडे वऱ्हाडात स्वातंत्र्य आलं होतं. इकडे मोगलाईत अजून निजामाचा अंमल होता. राजूरच्या अलीकडचं आमचं गाव लहान. शेजारच्या गावात रझाकार येऊन गेले, तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांचं, दादांचं, नाव घेऊन चौकशी केली. दादांनी चावडीसमोर तिरंगा लावला होता आणि तो कुणी लावला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

ही खबर आणली बदरूभाऊंनी. त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून होतं. गाडी जुंपून ते दारात उभे होते, पण दादा निघायला तयार नव्हते. त्यांच्याकडे कारण पक्कं होतं. घरात घट बसला की दसऱ्यापर्यंत तो हलवत नाहीत, घराला कुलूप लावत नाहीत, समई विझू देत नाहीत. हा नेम आमच्या घरात सर्वांत कडक कोण पाळत असेल, तर माय.

"घट बसलेलं घर सोडायचं न्हाई, हे तूच सांगत आलीस," दादा म्हणाले. "दसरा होऊ दे. मंग बघू."

माय कारळ्याच्या फुलांची माळ ओवत होती. तिनं मान वर केली नाही. "देवीच्या आडून बसू नका. घट दुरडीतल्या मातीवर बसलाय. मातीसकट उचलला, तर मातीवरून हलला कुठं?"

"हे कोन्त्या भटानं सांगितलं तुला?"

"भटाला इचारलं असतं, तर तो दसऱ्यापतूर बोलत बसला असता."

बदरूभाऊ हसले. "वहिनी, देवीला म्होरं बसवा. दादाला कडब्याखाली घालू."

मायनं माळ घटावर सोडली, समईची ज्योत कंदिलात घेतली आणि दुरडी मांडीवर धरून गाडीत बसली. दादा कडब्याखाली शिरले. दुरडीत आमच्याच वावरातली काळी माती होती. तिच्यात पेरलेलं धान बोटभर वर आलं होतं. दाराला कुलूप लावलं नाही. नुसती कडी घातली. गाडी वेशीबाहेर पडली, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मायनं पाहिलं नाही. तिचं लक्ष कंदिलाच्या वातीवर होतं.

दिवस कलताना हद्दीवरचा करोडगिरीचा नाका आला. मालावर जकात घेणारा शिपाई गाडीभोवती फिरला.

"दिन में कंदील काहे को?"

"देवी का है साब," बदरूभाऊ म्हणाले. "बुझा तो ये औरत दसरे तक यहींच बैठेगी. फिर खाना तुमकोच खिलाना पडेगा."

"और टोकरी में?"

माय म्हणाली, "रान हाय माझं."

"मिट्टी है साब. मिट्टी पे करोडगिरी लगती क्या?"

शिपाई हसला आणि त्यानं नाक्याचा आडवा दांडा वर केला. कडब्याला त्यानं हात लावला नाही. ओढा ओलांडून आम्ही वऱ्हाडात आलो, तेव्हा दादा बाहेर निघाले. अंगभर कुसळं होती. पहिलं वाक्य त्यांनी उच्चारलं ते असं : "ज्योत हाय का?"

"हाय," माय म्हणाली.

बदरूभाऊंनी बैलांना पाणी पाजलं आणि ते परतले. पुढे वर्षभर आमची म्हैस त्यांच्या गोठ्यात होती.

एका ओळखीच्या शेतकऱ्यानं त्याची पडवी दिली. सहावी माळ तिथंच चढली. दादांचं मन मात्र पलीकडे होतं. दसऱ्याला त्यांनी धोतर सावरलं आणि सांगितलं, "सीमोल्लंघन करून येतो." गावाकडे आमच्या वावरात कापूस वेचणीला आला होता. ते नुसती वेस ओलांडायला निघाले नव्हते, हे तिघांनाही कळत होतं. गावात पाऊल टाकलं असतं, तर ते धरले गेले असते.

मायनं अडवलं नाही. धानाचा तुरा त्यांच्या टोपीत खोवला. "सीमेपल्याड जायचं, आपट्याचं सोनं घ्यायचं आन् घट जिथं बसलाय तिथं परत यायचं. औक्षण केल्याबिगर मी जेवत नसते. पुरन थंड होऊ देऊ नका."

मी सोबत गेलो. दादा ओढा उतरून मोगलाईच्या काठावर चढले. आपटा तिथंच होता. पानं तोडून झाली, तरी ते गावाच्या वाटेकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी पानं उपरण्यात बांधली आणि ओढ्यात पाऊल घातलं.

पडवीच्या दारात मायनं त्यांना ओवाळलं. दादा एवढंच म्हणाले, "आमचं गाव सीमेपल्याड गेलं की."

"जाऊ द्या. तुम्ही तर घरी आले."

दुरडीतली माती तिनं त्या शेतकऱ्याच्या मेथीच्या वाफ्यात पसरली. जागा देणाऱ्याचा तो मान, असं तिचं म्हणणं. पुढच्या वर्षी निजामाचा अंमल संपला आणि दोघं गावी परतले. मी नोकरीसाठी नागपूरला गेलो, तो तिथलाच झालो.

गावाकडच्या मंडळींनो, दर दसऱ्याला तुमचा फोन येतो : घरी कधी येणार? उत्तर बरंच जुनं आहे. नागपूरला मी पहिल्यांदा घट बसवला, तेव्हा मायला गावची माती आणायला कळवलं होतं. ती एस.टी.तून उतरली ती रिकाम्या हातानं.

"माती?" मी विचारलं.

"इथं काय माती न्हाई?"

तेव्हापासून माती इथलीच. आता फ्लॅट आहे, तर नर्सरीतून पिशवी येते. धान तेवढंच उंच वाढतं. दसऱ्याला मी कॉलनीच्या गेटबाहेर जातो, आपट्याची पानं घेतो आणि पुरण थंड व्हायच्या आत परत येतो.