फेस येत नाही

गाड्या धुवायचा धंदा तसा तोंड बंद ठेवून करण्यासारखा आहे. पण गाडी धुऊन होईपर्यंत गिऱ्हाईक खुर्चीवर बसून असतं, त्याला काही उद्योग नसतो, मग ते बोलतं. त्यातून इतके किस्से जमतात की सांगायला बसलो तर चहा थंड होतो. यंदाचे सगळे मात्र एकाच विषयाचे आहेत. आमच्या गनला फेस येत नव्हता.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागे माझं आणि दिगूचं वॉशिंग सेंटर आहे. दिगू माझा गाववाला, मालवणकडचा. फोम गन म्हणजे प्रेशर पंपाच्या पाइपाला लावायची बाटली. आत शाम्पू आणि पाणी भरायचं, खटका दाबला की गाडीवर दाढीच्या साबणासारखा जाड फेस बसायला हवा. आमच्या गनमधून पातळ ताक उडायचं.

त्यातच समोर एकाने नवीन सेंटर काढलं, आणि त्याचा फेस रस्त्यापलीकडून दिसायचा. जवळच्या मोठ्या सोसायटीच्या सगळ्या गाड्या धुवायचं काम आमच्याकडे ठेवायचं की समोर द्यायचं, ते सेक्रेटरी परबसाहेब ठरवणार होते. एक रविवार ते स्वतःची गाडी आमच्याकडे आणायचे, एक रविवार समोर न्यायचे. ते काम गेलं असतं तर आम्हाला शटर ओढावं लागलं असतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. फेस गाडीला येत नव्हता, आमच्या तोंडाला मात्र आला होता.

*

आधी मी शाम्पू बदलला. मग दुप्पट घातला. मग बाटलीवरचा नॉब डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. दिगू बोअरिंगच्या नळाशी हात धूत उभा होता. साबणाची वडी हातांवर दहा वेळा चोळली तरी फेसाचा पत्ता नाही.

"ह्या पाण्यात आंघोळीच्या साबणाक फेस येणा नाय," तो म्हणाला, "तुझ्या शाम्पूक खंयसून येतलो?"

हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

"माका वाटला, तुका नॉब फिरवूचीच हौस आसा."

*

कुर्ल्याच्या ज्या दुकानातून गन घेतली, तिथे ऑफिसात हजेरी लावायची मशीनही विकतात. चेहरा दाखवला की हजेरी लागते, ती. हे मला आठवलं नाही. तरी दोष गनचाच असेल या आशेने मी फोन लावला आणि म्हटलं, "मॅडम, मशीन चालू आहे, पण फेस येत नाही."

"सर, उजेडात उभे राहा."

मी गन घेऊन उन्हात जाऊन उभा राहिलो.

"आता चष्मा काढून बघा."

चष्माही काढला. दमलेला माणूस सांगतील ते करतो. खटका दाबला, तेच ताक. तसं सांगितल्यावर मॅडम जरा विचारात पडल्या.

"सर, तुम्ही तिथे नवीन आहात का? नवीन माणसाचा फेस लगेच नाही येत."

*

दिगूच्या आईने उपाय सांगितला, रिठे. सोन्याचे दागिने रिठ्याने लखलखतात, मग गाडी का नाही? दिगूने रिठे भिजवले, कुस्करले आणि ते पाणी न गाळताच बाटलीत ओतलं.

अर्ध्या बॉनेटपर्यंत फेस आला, खोटं कशाला बोलू. मग गन खोकली आणि बंद पडली. टरफलं आतल्या जाळीत जाऊन बसली होती. गाडी होती गावठाणातल्या फर्नांडिस मावशींची. त्या अर्ध्या ओल्या गाडीभोवती फिरल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "सोनाराकडे आल्यासारखं वाटतंय रे. आता हिला पॉलिश करणार की वितळवणार?"

*

रिठ्यांचा एक फायदा झाला. टरफलं काढायला गन खोलावी लागली. आत तारेची बारीक जाळी असते, पाणी तिच्यातून गेलं की फेस होतो. ती क्षाराने दगडासारखी झाली होती. आम्ही नवी जाळी आणली, नोझलचं भोक सुईने मोकळं केलं, बोअरिंग सोडून पालिकेच्या नळाचं पाणी भरलं. त्यापुढे काही करायचं मला सुचत नव्हतं, आणि खरं सांगतो, करायची इच्छाही उरली नव्हती.

रविवारी परबसाहेब आले. त्यांची सवय अशी की गाडीतून उतरायचं नाही, काचा लावून आतच बसायचं. दिगूने खटका दाबला आणि टपापासून चाकापर्यंत गाडी पांढरी झाली. काचा दिसेनात, साहेब दिसेनात. समोरच्या सेंटरचा मालक बाहेर येऊन बघत उभा राहिला. दिगू नुसता गनकडे बघत होता.

फेस थोडा मुरू दिला, मग पाणी मारलं. काच मोकळी झाली तेव्हा साहेब मान मागे टेकून, डोळे मिटून बसले होते. मी काचेवर टकटक केलं. "साहेब, झाली गाडी."

काच चार बोटं खाली आली.

"काम तुमचंच," ते म्हणाले. "उद्यापासून गाड्या पाठवतो."

मी बादली पालथी करून तिच्यावर बसलो. काच वर जायला लागली आणि मध्येच थांबली.

"आता परत एकदा फेस मारा. आणि घाई करू नका, घरी सगळे आहेत."