मुद्दाम मळवलेलं घर

न्यूझीलंडमधल्या लोअर हटपासून पाऊण तासावर एक जुनं घर आहे. इथे येऊन राहिलेल्या कुणा इंग्रज साहेबाने मायदेशातल्यासारखं हुबेहूब बांधून घेतलेलं. हल्ली ते शूटिंगसाठी देतात आणि त्याची सगळी व्यवस्था मी बघते. ही गोष्ट घडली तेव्हा मी नवीन होते. पहिलं शूट नीट पार पडलं तरच कायम करू, असं मालकीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

सिनेमाला हवं होतं वर्षानुवर्षं बंद पडलेलं घर. सेट सजवणारी मुलगी दोन दिवस दिवाणखाना मळवत होती. टेबलावर पाकिटातून आणलेली धूळ, कोपऱ्यांत जळमटं, फायरप्लेसवर मेणबत्त्यांचे काळवंडलेले पितळी स्टँड. शूट दुसऱ्या दिवशी सकाळी. पुण्याहून आलेली आई घरी कंटाळली होती, म्हणून तिला सोबत नेलं, स्वयंपाकघरात चहा देऊन बसवलं आणि ट्रक लावून घ्यायला फाटकाशी गेले. अक्कल चरायला गेली होती माझी.

दोन तासांनी परतले तर दिवाणखाना लख्ख! मागच्या झाडाची लिंबं आणि मीठ घेऊन आईने सहाही स्टँड झळझळीत केले होते.

"उद्या एवढी माणसं येणार आणि हे असं?" ती म्हणाली.

मी भडकलेच. "तुला एका जागी बसवत नाही का गं? नोकरी घालवशील माझी!"

आई एवढीशी झाली. सेटवाली मुलगी "ऑल गुड, ऑल गुड" म्हणत राहिली, पण रडवेली दिसत होती. आईने तिच्या धुळीच्या पाकिटातली चिमूट बोटांत चोळली.

"ही तर मुलतानी माती. आण इकडे. आणि मेणबत्ती पेटव. काजळ धरायला मला शिकवायला नको."

संध्याकाळपर्यंत आई एकेक स्टँड ज्योतीवर फिरवत होती आणि ती मुलगी शेजारी बसून माती चाळत होती.

"स्वीट अ‍ॅज!" शेवटी ती म्हणाली.

"काय म्हणतेय?"

"झकास म्हणतेय."

गाडीत मी आईची माफी मागितली. मला खरंच लाज वाटत होती. "घरी जाऊन भात टाकायचाय," एवढंच ती म्हणाली.

नोकरी टिकली. पुढच्या खेपेला आई आली तेव्हा आम्ही तो सिनेमा लावला. फायरप्लेस दिसताच मी ओरडले, "आई, तुझं काम!"

आई आधी खुलली. मग माझा दंड धरून म्हणाली, "पुण्यात सांगू नकोस हं कुणाला. म्हणतील, ही तिथे असताना पितळ असं?"