ती रागावली नव्हती

माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माझ्याकडे अमरावतीला आली तेव्हा तिचा आठवा महिना सरत आला होता. आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. वडील अंजनगावला एकटेच राहत, त्यांच्या डब्याची सोय शेजारणीकडे लावलेली. म्हणजे तिचं माहेर आता मीच. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. शाळेच्या पहिल्या दिवशी तिची वेणी मी घातली होती, आणि तिची दहावीची फीसुद्धा माझ्या पहिल्या पगारातून गेली होती. तिच्याबाबतीत मला सगळं कळतं, असं मला वाटायचं.

लग्नाला पाच वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले होते. आमचे जावई, म्हणजे तिचे यजमान, अकोल्याला एका दालमिलमध्ये मशिनींची देखभाल करतात. कमी बोलणारा, सरळ माणूस. बहीण मात्र अखंड बोलणारी. अकोल्यात ती साडीच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, आणि तिच्यासमोर बसलेली बाई काही न घेता उठली असं फार क्वचित व्हायचं. घरी फोन केला की तासभर. भाजी काय केली, सासूबाई काय म्हणाल्या, दुकानात कोण आलं होतं, सगळं. फक्त स्वतःचं दुखणं ती सांगायची नाही. ते मी ओळखायला हवं होतं.

जावई तिला सोडायला आले. बडनेऱ्याला गाडीतून उतरून ऑटोने घरी आले, तर ती दारातल्या खुर्चीतच बसली. आत यायला तिला पाच मिनिटं लागली. मी हसले. म्हटलं, पोट वर चढलं की दम लागतेच, मले तर दोन्ही वेळा लागत होता. हे खोटं नव्हतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत शेवटच्या महिन्यात शाळेचा जिना चढून वर्गात गेले की मी आधी टेबल धरून उभी राहायची आणि मग हजेरी घ्यायची. आई म्हणायची, पोट खाली उतरलं की मोकळं वाटते. तसंच झालं होतं. आईचं तेच वाक्य मी तिला दिलं.

पहिल्या आठवड्यात तिने एकाच्या जागी तीन उशा मागून घेतल्या. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी उठले तर ती दिवाणावर भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर उशी, उशीवर डोकं. झोपली नाहीस का, विचारलं. म्हणाली, "आडवं झालं का छातीवर कोणी बसल्यावानी होते. बसून बरं वाटते." मी तिच्या पाठीमागे लोड ठेवला. तिच्या पायांवर सूज होती, ती माझ्याही पायांवर असायची. कोरडा खोकला होता. त्याला मी थंडीचा खोकला ठरवून आलं आणि ज्येष्ठमध उकळून दिलं आणि तिचं दही बंद केलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं.

डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. बाहेर बाया बसलेल्या, आत मॅडमला मान वर करायला फुरसत नव्हती. त्यांनी तिला विचारलं, काही त्रास? बहिणीने माझ्याकडे पाहिलं. ती बोलायला श्वास घेत होती, आणि तेवढ्या वेळात मी बोलून गेले. म्हटलं, विशेष काही नाही मॅडम, नेहमीचाच थोडा दम लागतो. मॅडम म्हणाल्या, शेवटच्या महिन्यात लागतो. रक्त कमी आहे, गोळ्या चालू ठेवा, सोमवारी सोनोग्राफीला या. मी मॅडमला दोष देत नाही. त्यांना मी जे सांगितलं त्याचंच उत्तर त्यांनी दिलं. तीन उशा मी सांगितल्या नाहीत, बसून झोपणं सांगितलं नाही. बहिणीनेही सांगितलं नाही. ताई बोलली म्हणजे झालं, अशी तिची लहानपणापासूनची सवय, आणि ती मीच लावलेली.

त्याच आठवड्यात शुक्रवारी मधल्या सुट्टीत मला जावयांचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाले, "ताई, ते माह्यावर रागावली का?"

मी विचारलं, काहून?

म्हणाले, फोन केला की हो म्हणते, बरं म्हणते, ठेवू का म्हणते. पूर्वी ठेव म्हटलं तरी ठेवत नव्हती. मी येऊन नाही राहिलो म्हणून रागावली असंल. पण मिलमध्ये सीझन चालू आहे, सुट्टी देत नाहीत.

मला हसू आलं. मी त्यांची समजूत घातली की या दिवसांत बायका अशाच होतात, मनावर घेऊ नका. घरी गेल्यावर मी तिलाही ते चेष्टेने सांगितलं. ती हसली नाही. मान हलवली फक्त. मग थांबत थांबत म्हणाली, "रागावली नाही. बोलणं... होत नाही." तेव्हाही मी त्याचा अर्थ, बोलायचं मन होत नाही, असाच घेतला.

शनिवारी शेजारच्या मुस्लिम बाई आल्या, आम्ही त्यांना खाला म्हणतो. त्या शिवणकाम करतात आणि बाळासाठी झबली शिवून घेऊन आल्या होत्या. बहिणीसमोर बसून त्यांनी एकेक झबलं उलगडून दाखवलं. ती बघत होती, हात लावत होती, पण दोन शब्दांवर तिसरा बोलत नव्हती. खालांनी दाखवणं थांबवलं आणि थोडा वेळ तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाल्या, "बाई, इसकी साँस बराबर नहीं है. चलके आई तो फूली, ऐसा नहीं. बैठे बैठे फूल रही है. आजच डॉक्टरको दिखाओ."

मी म्हटलं, सोमवारचा नंबर लावलेला आहे.

त्यांनी माझा हात धरला. परत एकदा म्हणाल्या, आजच. मग, आपण परक्या, जास्त काय बोलायचं, असं वाटलं असेल, निघून गेल्या. तो शनिवार मी घालवला. घरातले कपडे धुवायचे होते, पेपर तपासायचे होते. काही मोठं कारण नव्हतं.

रविवारी सकाळी ती म्हणाली, केस धुऊन दे. तिला वाकता येईना म्हणून न्हाणीत स्टूल ठेवलं आणि ती ताठ बसली. मी मागून पाणी घालत होते. तिची मान धरली तर हाताला तिच्या छातीची धडधड लागत होती, धावून आलेल्या माणसासारखी. पुढे येऊन पाहिलं तर ओठ जांभळट. पाणी कोमटच होतं. मी तिला तसंच ओल्या केसांनी बाहेर आणलं. ती दिवाणावर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले आणि खोकायला लागली. रुमालात गुलाबी फेस आला. तिने तो मला दाखवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आता ताईकडे काय उत्तर आहे, असं.

मी खालांना हाक मारली. त्यांच्या जावयाचा ऑटो दारात होता. तिला आडवं करता येईना. मी आणि खाला दोन्हीकडून धरून बसलो, ती मध्ये पुढे झुकलेली. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या केसांचं पाणी माझ्या पदरावर गळत होतं.

तिथे त्यांनी एक मिनिट घालवलं नाही. तिला बसतं ठेवलं, ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. एका तरुण डॉक्टरने बराच वेळ तिच्या छातीला नळी लावून ऐकलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, लहानपणी हिला सांधे सुजून ताप यायचा का?

मला ते माहीत होतं. ती आठ वर्षांची असताना आधी एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा. दोन महिने शाळा बुडाली. आई एरंडाची पानं गरम करून बांधायची. अंजनगावच्या डॉक्टरने सांगितलं होतं की या तापाने हृदयाची झडप खराब होते, दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन बरीच वर्षं द्यावं लागेल. वर्ष-दीड वर्ष दिलं. मग ती उड्या मारायला लागली, इंजेक्शनाला रडायला लागली, आणि ते सुटलं. तिच्या लग्नाच्या वेळी मी आईला विचारलं होतं, हे सांगायचं का? आई म्हणाली होती, बरी झालेल्या दुखण्याचं काय सांगा लागते, पोरीच्या नावाले उगाच बट्टा. मी पुन्हा तो विषय काढला नाही. अकोल्याच्या फाइलमध्ये ते नव्हतं. जावयांना ठाऊक नव्हतं. या मॅडमनाही नव्हतं. बहिणीला गुडघे आणि इंजेक्शनं आठवत असतील, पण झडपेचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ठाऊक होतं ते मला.

मी त्यांना सोमवारच्या नंबराचंही सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे समजावून सांगितलं. झडप अरुंद झाली आहे, गरोदरपणात रक्त वाढतं, ते तिथून पुढे सरकत नाही आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणाले, जिना चढून दम लागला आणि बसल्यावर कमी झाला तर तो बहुतेक पोटाचा असतो. आडवं होता येत नाही, झोपेतून गुदमरून उठावं लागतं, बोलताना वाक्य तुटतं, छातीत दुखतं किंवा धडधडतं, तर तो दम वेगळा. त्याला सोमवार नसतो. हे शेवटचं म्हणताना त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि ते परत तिच्या खाटेकडे वळले.

जावई दुपारी अकोल्याहून आले. मिलच्याच कपड्यांत होते, खिशाला टेस्टर लावलेला. तिच्या तोंडावर मास्क होता. ते तिच्या पायांपाशी उभे राहिले, पुढे जायचं धाडस होत नव्हतं. मग तिनेच हाताने बोलावलं. त्यांनी कान मास्कपाशी नेला. मला ऐकू आलं ते एवढंच: "रागावली नोती. दम नोता."

ते स्टूल ओढून तिथेच टेकले. तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसले. मग सिस्टरने आम्हा दोघांना बाहेर काढलं.

संध्याकाळी ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी झाली, वजनाने कमी, पण रडली जोरात. बहिणीला ती एकदाच दाखवली. मास्कच्या आतून ती काहीतरी म्हणाली, ते सिस्टरला समजलं नाही आणि मी तिथे नव्हते. नाव सुचवलं असेल, की नुसतं बाळाशी बोलली असेल, ते आता कळणार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, आम्ही सगळं केलं. ते मी पाहिलं होतं. थोडं आधी आणलं असतं तर, असं ते म्हणाले नाहीत. मीच विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही ताई. त्यांनी ते दयेने म्हटलं असं मला वाटतं.

तेरावं झाल्यावर मी अकोल्याला गेले आणि जावयांना सगळं सांगितलं. गुडघ्यांचं, इंजेक्शनांचं, आईचं बोलणं, माझं गप्प बसणं, खालांचा शनिवार. त्यांच्या आई बाजूला बाळाला घेऊन बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मला वाटलं होतं, घराबाहेर काढतील. जावयांनी बाळाचं सरकलेलं दुपटं नीट केलं. मग म्हणाले, "ताई, तुमी सांगतलं असतं तरी मी लग्न केलंच असतं. फक्त डॉक्टरले सांगतलं असतं."

त्यांच्या आईने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला, तो मी प्याले.

आता मुलगी तिसऱ्या वर्षात आहे. अकोल्यालाच असते, आजीपाशी. मी महिन्यातून एकदा जाते. ती मला मावशी म्हणते आणि आईसारखीच न थांबता बोलते. माझ्या शाळेत कोणी बाई गरोदर असली की मी तिला विचारते, रात्री आडवं होता येतं का, किती उशा लागतात, मध्येच उठून बसावं लागतं का. लहानपणीचं काही दुखणं आहे का, तेही विचारते. काही जणींना ते आवडत नाही. मी तरी विचारते, आणि उत्तर तिचं तिला पूर्ण देऊ देते.

एका तरुण बाईने सांगितलं की बसल्या बसल्या धाप लागते. तिला त्याच दिवशी सुट्टीचा अर्ज माझ्याच हाताने लिहून दवाखान्यात नेलं. तिला न्यूमोनिया निघाला, वेळेवर औषध मिळालं, बरी झाली. तिने पेढे आणले तेव्हा मी ते वर्गात वाटले. मला एकही तोंडात घालवला नाही.

मुलीला ताप आला, पाय दुखतो म्हणाली, की जावई मला फोन करतात. हे दुखणं आईकडून मुलीला येत नाही, असं डॉक्टरने त्यांना दोनदा सांगितलं आहे. तरी करतात. काय काय झालं ते सांगतात, डॉक्टर काय म्हणाला ते सांगतात. मग विचारतात, ताई, आणखी काही सांगायचं राहिलं तर नाही ना? त्यात राग नसतो. मी दर वेळी खरंच आठवून पाहते. बहिणीचा गोवर, तिचे दात, पावसात भिजून आलेला एक खोकला. जे आठवेल ते सांगते. ते लिहून घेतात.